डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी

मंडळी, जुनी स्पोर्ट्स कार घाटात दम टाकायला लागली की पहिला हात जातो तो डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला ठरल्या वेळी स्पार्क पोचवणाऱ्या भागाकडे. तो फिरवला की स्पार्कची वेळ, म्हणजे टायमिंग, बदलतं. क्लॅम्प सैल करायचा, बॉडी जराशी फिरवायची, आवाज बरा वाटला की आवळून टाकायचं. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. नेमकं काय बिघडलंय ते आधी शोधा.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० ही गाडी बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीजचं, आणि आपल्या ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांच्या हाताला ते परकं नाही.

मिश्रण पेटून पुरता दाब तयार व्हायला काही मिलिसेकंद लागतात. ६०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३.६ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. म्हणजे वेग वाढेल तसा स्पार्क आधी पडायला हवा. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा करतात.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीत आयडलिंगला टायमिंग लाइट (स्पार्कसोबत चमकणारा दिवा) मारला, तर क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण अगदी जागेवर. तक्रार मात्र चढावर ओढत नाही, इंजिन तापतं. रेस दिली, तरी खूण हलेना. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, आतला फिरता रोटर चिमटीत धरून फिरवून पाहिला. तो थोडा फिरून स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. इथे ढिम्म. वजनांच्या खुंट्यांवरचं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट बसलं होतं. रोटरखालच्या स्क्रूवर ऑइलचे दोन-तीन थेंब सोडायचे असतात. ते वर्षानुवर्षं कुणी सोडलेच नव्हते. उलट स्प्रिंगा ताणून सैल झाल्या, तर ॲडव्हान्स लवकर येतो आणि कमी वेगात लोड पडताच टिणटिण नॉकिंग ऐकू येतं.

टायमिंगच्या आधी पॉइंट, म्हणजे उघडताच स्पार्क पाडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क, बघा. हा क्रम मोडू नका. लुकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. आधी टायमिंग लावून मग गॅप बदललात, तर केलेलं काम वाया. टायमिंग लाइट लावताना डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्युमची नळी (इंजिनच्या ओढीने ॲडव्हान्स वाढवणारी) काढून तिचं तोंड बंद करायचं. नंतर इंजिन बंद असताना तीच नळी डिस्ट्रिब्युटरला जोडून तिच्या दुसऱ्या टोकातून तोंडाने हवा ओढून पाहा. आतली प्लेट सरकून तिथेच टिकली नाही, तर डायफ्राम, म्हणजे प्लेट ओढणारा पातळ पडदा, फाटलाय.

एवढं करूनही मेळ बसेना, तर पुलीवरच्या खुणेवरच शंका घ्या. कुणी पुली बदललेली असते. रबराचा थर असलेल्या पुलीत बाहेरची कडी घसरते. बॅटरी सोडवा, चारही प्लग काढा आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवा. क्रँक हाताने हळूच एका बाजूला अडेपर्यंत फिरवून खडूची रेघ ओढा, मग दुसऱ्या बाजूला अडेपर्यंत नेऊन दुसरी. दोन रेघांचा बरोबर मध्य ही खरी टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची जागा. तिथे पांढरा रंग लावा, आणि मगच क्लॅम्पला पाना लावा.