चार मिलिअँपिअर

(दहावी झालेल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगांमध्ये दहावीचा निकाल हातात आलेली मुलं आहेत, त्यांचे आईवडील आहेत. मागे काही पांढऱ्या केसांची माणसं दिसताहेत, वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर पाळ्या केलेली. मला विषय दिलाय तो ठाण्यातल्या तंत्रशिक्षणाचा इतिहास आणि इथले अभ्यासक्रम. मी एका आकड्यापासून सुरुवात करतो. चार. चार मिलिअँपिअर.

कारखान्यात टाकीची पातळी, वाफेचा दाब, भट्टीचं तापमान हे सगळं मोजून लांबच्या कंट्रोल रूमपर्यंत पोचवावं लागतं. त्यासाठी दोन तारांमधून वीजप्रवाह सोडतात. टाकी रिकामी असली की ४ मिलिअँपिअर, काठोकाठ भरली की २०, अर्धी असली की १२. इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे ही मोजणारी उपकरणं शिकणाऱ्या मुलांना मी पहिल्याच तासाला विचारायचो, रिकाम्या टाकीला शून्य का नाही ठेवलं? वर्ग गप्प व्हायचा. मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "सर, तार तुटली तरी शून्यच येणार ना?" बरोबर. टाकी खरोखर रिकामी आहे की मधली तार तुटलीय, हे कळावं म्हणून शून्याची जागा मोकळी सोडलेली असते.

एकदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात गेलो होतो. पॅनेलवरच्या पट्टीचं शून्य म्हणजे चार मिलिअँपिअर, रिकामी टाकी. एका टाकीचा काटा तळाला होता. ऑपरेटर म्हणाला, ती टाकी रिकामी आहे. सगळे पुढे निघाले, पण दिवा स्टेशनाहून रोज येणारी एक मुलगी तिथेच उभी राहिली. म्हणाली, "सर, काटा शून्यावर नाही, शून्याच्या खाली गेलाय." जंक्शन बॉक्स उघडून पाहिला तर टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊन तार सुटलेली. तार जोडली आणि काटा पाऊण टाकीवर जाऊन थांबला. त्या टाकीत आणखी द्रावण सोडलं असतं तर काय झालं असतं, हे तिथल्या लोकांना सांगावं लागलं नाही. ती मुलगी सतरा वर्षांची होती. डिप्लोमा म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की मला तो काटा आठवतो.

आता हे शिक्षण इथेच का रुजलं, ते बघू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, हे आपण शाळेतच पाठ करतो. पण ठाणं कारखान्यांचं गाव झालं ते फार नंतर. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि तिच्या अगदी पहिल्या वसाहतींमध्ये आपली वागळे इस्टेट होती. मग खाडीपलीकडे कळव्यापासून बेलापूरपर्यंत पट्टा उभा राहिला. कळव्याला सीमेन्स, पुढे नोसिल, पीआयएल, हर्डिलिया. कुठे ट्रान्सफॉर्मर, कुठे औषधं, कुठे पेट्रोकेमिकल्स. या यंत्रांपाशी उभं राहायला माणसं लागणार होती, आणि ती नुसती पदवीधर असून भागणार नव्हतं.

त्या काळी शिकण्याचा पहिला दरवाजा आयटीआयचा. फिटर दोन वर्षं, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं आणि हजारो घरांत पहिला पगार आला तो स्टायपेंडच्या रूपाने. आणि खाडीकाठी केमिकल प्लांटसाठी ऑपरेटरचा ट्रेड का चालतो, हे त्या पट्ट्याकडे बघितलं की आपोआप कळतं.

डिप्लोमासाठी मात्र गाडी पकडून मुंबई गाठावी लागे. माटुंग्याला व्हीजेटीआय, भायखळ्याला साबू सिद्दीक. जागा थोड्या आणि टक्केवारी वर. कळवा-मुंब्र्याची, कोपरीची, आगरी-कोळी वस्त्यांमधली कितीतरी हुशार मुलं तिथवर पोचलीच नाहीत. हे मी कळकळीने सांगतोय, कारण त्यांतले बरेच जण माझ्या बरोबरीचे होते.

चित्र पालटलं १९८३ साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी दिली. त्या निर्णयावर टीका भरपूर झाली. फीचा प्रश्न खरा होता, आजही आहे. पण ठाण्यापुरतं बोलायचं तर त्याच वर्षी विद्या प्रसारक मंडळाचं तंत्रनिकेतन सुरू झालं. मंडळ १९३५ चं. शाळेपासून सुरुवात केलेल्या या संस्थेने १९६९ साली चेंदणीच्या खाडीकाठी विज्ञान, कला आणि वाणिज्य महाविद्यालयं काढली होती. त्याच आवारात आता वर्कशॉप उभं राहिलं.

खाडीपलीकडे नवी मुंबई तेव्हा कुठे आकार घेत होती. ती उभारणारी सिडको १९७० ची. आज नेरूळला असलेलं रामराव आदिक अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ चंच. ऐरोलीचं दत्ता मेघे १९८८ चं, वाशीचं फादर आग्नेल यांच्या संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ चं. मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये, आणि ठाण्याहून वाशीला थेट लोकल मिळायला २००४ उजाडलं. तोवर ठाण्याचा मुलगा एकतर बसने बेलापूर रस्ता धरायचा, नाहीतर कुर्ल्याला गाडी बदलायचा. ड्रॉइंग शीटची नळी आणि मिनी ड्राफ्टर सांभाळत सकाळी सातच्या गर्दीत चढायचं. मुलं तेही करत होती.

आता अभ्यासक्रम. दहावीनंतर तीन वर्षं, सहा सत्रं, परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची. हे सगळं माहितीपुस्तिकेत आहे, तुम्ही वाचालच. मला बोलायचंय ते शाखांबद्दल. चेंदणीच्या तंत्रनिकेतनातल्या शाखांची नावं बघा: केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल पॉवर सिस्टिम, मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स. कोणी परगावचा माणूस ही यादी वाचून सांगू शकेल की आसपास काय बनत होतं.

मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचं नाव निघालं की पालक विचारतात, "डॉक्टरकीचं काही आहे का हे?" नाही. ईसीजीच्या कागदावर १ मिलिव्होल्टला काटा बरोबर १० मिलिमीटर उठला पाहिजे आणि कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकला पाहिजे. तो ८ मिलिमीटरच उठत असेल तर डॉक्टर कितीही मोठा असो, त्याच्या हातात चुकीचा कागद जाणार. हे तपासणारा माणूस इथे तयार होतो. ठाण्यात आज किती रुग्णालयं आहेत ते बघा आणि तुम्हीच ठरवा.

वर्कशॉपबद्दलही सांगायला हवं. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये धरून मुलगा कानस चालवतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरतो, मधून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. हाताला फोड येतात. आया तक्रार घेऊन यायच्या, "सर, हा कॉम्प्युटर घेणार आहे, याला कानस कशाला?" मी म्हणायचो, ताई, काम जमलंय की नाही हे त्याला आज उजेड सांगतोय, मी नाही. चूक स्वतः पकडायची सवय अशीच लागते.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात गेलो होतो. लेथ मशिनं ताडपत्रीखाली झाकलेली, निम्म्या वर्कशॉपची कॉम्प्युटर लॅब केलेली. मला ते पाहवलं नाही. बेलापूर पट्ट्यातले काही जुने कारखाने गेले, रेमंडच्या कापड कारखान्याच्या जागेवर टॉवर आले, महापे-ऐरोलीत आयटी पार्क आले, हे मी बघतोय. संगणकाला माझा विरोध नाही. पण त्या पार्कमधला चिलर, जनरेटर, आग विझवण्याचे पंप यांनाही सेन्सर आहेत, आणि त्यांच्याही तारा सुटतात.

पालकांनो, प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी वर्कशॉप बघायला मागा. लेथखाली लोखंडाचा भुसा पडलाय का बघा. प्रॅक्टिकलला एका यंत्रापाशी किती मुलं उभी असतात ते विचारा. डिप्लोमावरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण तीन वर्षं फक्त तेवढ्यासाठी काढायची म्हणून काढू नका. डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात काही आठवडे कारखान्यात प्रशिक्षण असतं, ते प्रमाणपत्रापुरतं उरकू नका. त्या आठवड्यांत मुलाने रोज घरी येऊन काय सांगितलं, ते ऐका.

मी येताना एक लेव्हल ट्रान्समीटर आणि मीटर आणलाय, टेबलावर जोडून ठेवलाय. शेजारी पाण्याची बादली आहे. मुलांनो, रांगेने पुढे या. पाणी वर-खाली करा, काटा बघा. मग एक तार सोडवा आणि पुन्हा बघा.