पाठीतल्या पाण्यातली पेशी

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, मे महिना. घराच्या कुडाला लागून पऱ्हाट्यांचा ढीग. ओट्यावर आई आणि मूल.)

"पोरगं सकायी सकायी ओकते, अन् डोकं दुखते म्हणते."

रक्ताच्या कॅन्सरवर, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर उपचार चालू असलेल्या मुलाची आई असं सांगत असेल, तर ते पित्तावर ढकलू नका. एक डोळा तिरपा होणं, तोंड वाकडं होणं, हनुवटी बधिर पडणं, हीही त्याच धोक्याची लक्षणं. कॅन्सरच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उतरलेल्या असू शकतात. कधी लक्षण एकही नसतं आणि पेशी तिथे असतात. म्हणून या आजारात प्रत्येक मुलाच्या पाठीतलं पाणी, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं तेच पाणी, सुईनं काढून तपासतात.

त्या तिथवर पोचतात कशा? २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात एक आडवाट दिसली. मणक्याच्या हाडातून मेंदूच्या आवरणाकडे बारीक रक्तवाहिन्या जातात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं. ल्युकेमियाच्या पेशीवरचं अल्फा-६ इंटिग्रिन हे प्रथिन त्याला धरतं आणि पेशी वाहिनीच्या बाहेरून सरकत जाते.

(दृश्य: कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेलं मूल. सुईतून थेंब पडतो.)

पहिली सुई अनुभवी हाताचीच हवी. रक्तात ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या अपक्व पेशी, असताना वाहिनी दुखावली, तर ते रक्तासोबत पाण्यात मिसळतात आणि अहवाल संशयाचा होतो. मायक्रोलिटरमागे १० किंवा जास्त तांबड्या पेशी दिसल्या, तर ते पाणी रक्तमिश्रित धरतात.

खरी घाई पुढे आहे. रक्तरसात डेसिलिटरमागे ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात, या पाण्यात जेमतेम १५ ते ४५ मिलिग्रॅम. असं उपाशी पाणी ट्यूबमध्ये आलं की पेशी पहिल्या तासातच मरू लागतात. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. तिथल्या प्रयोगशाळेत फ्लो सायटोमेट्री होते, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन ओळखतात. साध्या ट्यूबमध्ये पाठवलं तर लेझरसमोर कचरा पोचतो. त्यासाठी पेशी टिकवणारं द्रव्य आधीच भरलेली ट्यूब मिळते. ती नसेल तर नमुना आरपीएमआय या पेशींना पोसणाऱ्या द्रवात घ्या, थंड डब्यात ठेवा. बर्फाला मात्र टेकवू नका. पाणी गोठलं की पेशी फुटते.

(दृश्य: प्रयोगशाळा. सेंट्रिफ्यूजमधून निघालेली ट्यूब. तळाशी काहीच दिसत नाही.)

तळाशी दिसत नाही, पण पेशी तिथेच आहेत. वरचं पाणी हलक्या हातानं काढायचं आणि शेवटचे काही थेंब राहू द्यायचे. मग पेशीवरच्या खुणांना चिकटणाऱ्या रंगीत अँटिबॉडी घालून १५ मिनिटं अंधारात. त्याआधी यंत्राच्या नळ्या स्वच्छ पाण्यानं धुवायच्या. आधीच्या बोन मॅरोच्या (हाडातल्या मज्जेच्या) नमुन्यातल्या चार पेशी नळीत राहिल्या, तरी पाणी स्वच्छ असलेल्या मुलाच्या नावावर त्या चढतात.

बी पेशी या एका प्रकारच्या लिम्फोसाइटच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या, ल्युकेमियात शोधायचे मार्कर, म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणा, असे: सीडी-१९ आणि सीडी-१० ठळक, सीडी-३४ बहुधा हजर, सीडी-४५ फिकट. बोन मॅरोत असं रूप असलेल्या निरोगी बालपेशीही असतात, त्यामुळे तिथे फसगत होते. पाठीतल्या पाण्यात त्यांना सहसा थारा नाही. तिथले बहुतेक लिम्फोसाइट सीडी-३ असलेले टी पेशी असतात. म्हणून सीडी-१९ आणि सीडी-१० असलेल्या दहा-वीस पेशींचा यंत्राच्या आलेखावर घट्ट पुंजका दिसला, तरी लक्ष द्यावंच लागतं. मुलाला सीडी-१९ वर नेम धरणारं औषध दिलेलं असेल, तर हाच मार्कर पुसला गेलेला असू शकतो. अशा वेळी सीडी-२२ नाहीतर सीडी-२४ लावावा लागतो.

पाण्याच्या तपासणीवरून मुलाचा सीएनएस (मेंदू-मज्जारज्जू) गट ठरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट दिसले आणि पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ५ पेक्षा कमी असल्या, तर सीएनएस-२. ५ किंवा जास्त असल्या, तर सीएनएस-३. डोळ्यातून निसटलेल्या पेशी फ्लो सायटोमेट्री पकडते.

(दृश्य: गावातला दवाखाना. टेबलावर इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या.)

ताप, मानेच्या गाठी, दुखरे हातपाय. निदान व्हायच्या आधी अशा मुलाला डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड) टोचलं जातं. मुलाला दोन दिवस बरं वाटतं, कारण स्टिरॉइडनं ब्लास्ट मरतात. मग पाठीतल्या पाण्यात पुंजका दिसत नाही आणि मूल सीएनएस-१ मध्ये, म्हणजे पाणी स्वच्छ असलेल्यांत मोजलं जातं. दिलंच असेल, तर रेफर करताना चिठ्ठीवर तारीख आणि डोस ठळक लिहा. अहवाल वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.