हजेरीच्या वहीतली होळी

(दृश्य: नंदुरबार बसस्थानक, संध्याकाळ. धडगावची एसटी फलाटाला लागते.)

होळीला अजून चार दिवस आहेत आणि धडगावच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कामावरून घरी परतणारी माणसं, पोती, पत्र्याचे डबे, आणि मधल्या बाकड्यांवर चार मुली. एकीने मांडीवर पांढरा ॲप्रन घडी करून धरलाय, पिशवीत चुरगळू नये म्हणून. चौघी धुळ्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत.

कॉलेजला होळीची सुट्टी एका दिवसाची. सातपुड्यात मात्र होळी एका दिवसात आटपत नाही. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, त्यानंतर आसपासच्या गावांची पाळी येते. घरात कुणी नवसाचं पथ्य पाळत असतो, त्याच्यासाठी सगळ्यांनी हजर असायचं असतं. तिथे न जाणं म्हणजे काय, हे पाड्यावर वाढलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजला मात्र समजावून सांगावं लागतं.

या फिल्मचा विषय होळी नाही. विषय आहे या चौघींची हजेरी, आणि ती हजेरी त्यांच्यासोबत बसून मोजणारं कुणी आहे का, हा.

(दृश्य: कॉलेजमधली छोटी खोली. टेबलावर लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही.)

या खोलीवर पाटी नाही. मुली म्हणतात, ‘मॅडमची वही’. मॅडम इथे ट्यूटर आहेत. कॉलेजच्या कागदोपत्री त्या मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, आणि मुली मेंटी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत त्याचं स्वतंत्र सदर असतं, बऱ्याच ठिकाणी ते सह्यांनी भरलेलं असतं आणि तिथेच संपतं. इथे वहीत प्रत्येक मुलीला एक पान आहे. पानावर गाव, घरचा फोन, राहिलेले विषय, आणि खाली पेन्सिलीने बुडालेले तास. पेन्सिलीनेच, कारण आकडा रोज बदलतो.

नियम ऐकायला साधा आहे. परीक्षेला बसायचं तर थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हजेरी हवी. हे ८० सगळ्यांना तोंडपाठ. त्याच नियमात पुढे आणखी एक आकडा आहे, तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाची, हजेरी १०० टक्के भरलेली असली पाहिजे. म्हणजे वॉर्डातला जो तास बुडाला तो माफ होत नाही, उधारीवर राहतो.

आता हिशोब करू. ॲडल्ट हेल्थ नर्सिंग, म्हणजे मोठ्या माणसांच्या आजारांतली शुश्रूषा, हा विषय तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात येतो. क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास. एका सत्रात असे ६ क्रेडिट, म्हणजे ४८० तास मेडिकल-सर्जिकलच्या वॉर्डांत. त्याचे ८० टक्के होतात ३८४. वरचे ९६ तास बुडाले तरी परीक्षेचं दार उघडं राहतं, आणि इथेच मुली फसतात. सिनियर सांगते, ‘अगं, ऐंशी झाले ना, मग काय!’ पण त्या ९६ तासांच्या, आठ तासांची पाळी धरली तर, १२ ड्युट्या होतात. अशा ड्युट्या दर सत्रात साठत गेल्या, की शेवटच्या वर्षी सगळ्या एकदम समोर उभ्या राहतात. बरोबरीच्या मुली नोकरीचे अर्ज भरत असतात, आणि ही दुसऱ्या वर्षाची पाळी भरायला पुन्हा मेल सर्जिकलमध्ये, पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात.

म्हणून मॅडम होळीला ‘नाही’ म्हणत नाहीत. त्या विचारतात, ‘किती दिवस?’

(दृश्य: जळगाव. विद्यापीठाकडे जाणारा रस्ता, केळीने भरलेला ट्रक.)

खानदेशातल्या पालकांचा आणखी एक घोळ होतो, त्यात त्यांची चूक नाही. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. गावातला भाचा तिथूनच बी.एस्सी. झालेला. मग पोरीच्या बी.एस्सी. नर्सिंगचं काही अडलं की पावलं तिकडेच वळतात. पण नर्सिंगची पदवी त्या विद्यापीठाची नाही. ती १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. अभ्यासक्रम दिल्लीच्या भारतीय परिचर्या परिषदेचा. आजचा सत्र पद्धतीचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आला. पास झाल्यावर नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडून, शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. पाच दारं, आणि मुलगी सातपुड्यातल्या मोलगी गावची.

त्यात २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला. परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घ्यायची आहे. दारांवरच्या पाट्या बदलतील. दारं कमी होतील असं मला तरी वाटत नाही.

इथे थोडं घरचं सांगतो. माझ्या मावसबहिणीने बारावीनंतर तालुक्याच्या गावी एका ‘नर्सिंग कोर्स’ला पैसे भरले. गणवेश मिळाला, ओळखपत्र मिळालं, समारंभात हातात दिवा घेऊन शपथही झाली. वर्ष संपल्यावर कळलं, की त्या कागदावर कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर नर्स म्हणून रीतसर नोकरी मिळत नाही. मावशीने त्यासाठी पोत मोडली होती. प्रवेशाआधी एकाने जरी विचारलं असतं, ‘हे कौन्सिलच्या यादीत आहे का?’, तर एवढं झालं नसतं. एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे पदविका कोर्स: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार. सहा महिन्यांत किंवा वर्षात नर्स करून देतो म्हणणाऱ्याचा चहासुद्धा घेऊ नये.

(दृश्य: पुन्हा वही. एका पानावर लाल खूण.)

चौघींपैकी एकीच्या पानावर लाल खूण आहे. पहिल्या सत्रातलं ॲनाटॉमी-फिजिओलॉजी राहिलंय. ती निर्धास्त आहे, कारण नापास झालं तरी पुढच्या सत्रात बसता येतं. तेही खरं आहे. पण पाचव्या सत्राच्या परीक्षेला बसण्याआधी मागचं सगळं सुटलेलं लागतं. वर्गात बसू देतात, परीक्षेला बसू देत नाहीत. सातव्या सत्राच्या आधी तशीच आणखी एक भिंत, आठव्याच्या आधी आणखी एक. चार वर्षांचा कोर्स जास्तीत जास्त आठ वर्षांत संपवावा लागतो. मुलीला वाटतं आठ वर्षं म्हणजे खूप झाली. तिच्या बापाला तसं वाटत नाही, आणि लग्नाची बोलणी कोणत्या सत्रात सुरू होतात हे मॅडमना चांगलं ठाऊक आहे.

‘पाचव्याच्या आधी काढ,’ एवढंच त्या म्हणतात. मग हाडांची नावं कुणाकडे म्हणून दाखवायची, कोणत्या रविवारी, हेही तिथेच ठरतं.

पैशांचं फार लांबवत नाही, पण एक गोष्ट नीट ऐका. खाजगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ऑफिसच्या खिडकीत बसलेला माणूस नाही. आणि जुलै २०२४ च्या निर्णयाने इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी गेली. कोट्याची जागा ‘लगेच पक्की करून देतो’ म्हणणारा ही अट सांगत नाही. राखीव जागेवर आलेल्या मुलींनी जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे अकरावीतच लागावं; खानदेशात त्या एका कागदाने किती वर्षं खाल्लीत, हा वेगळ्या फिल्मचा विषय होईल.

(दृश्य: सरकारी रुग्णालय, स्त्रियांचा वॉर्ड. सकाळची पाळी.)

परीक्षा इंग्रजीत. इतर विषयांना पास व्हायला ५० टक्के लागतात, इंग्रजीला ४० चालतात. पण मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीचा पेपर जड जात नाही, जड जातात बाकीचे पेपर, कारण तेही इंग्रजीतच आहेत. पहिल्या सत्रात कितीतरी मुली वर्गात वही लिहून घेतात आणि हॉस्टेलवर येऊन रडतात.

आणि वॉर्डात? वॉर्डात उलटं होतं. शिरपूरकडची म्हातारी कण्हत पडलेली असते. इन्चार्ज सिस्टर मराठीत दोनदा विचारतात, म्हातारी छताकडे बघते. तेवढ्यात अमळनेरची मुलगी वाकून अहिराणीत म्हणते, ‘माय, कोठे दुखस?’ आणि म्हातारी बोलायला लागते. भिल्ली, पावरी बोलणाऱ्या मुलींचंही तसंच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी का करायची हे धडगावच्या बाईला तिच्या बोलीत सांगणारी मुलगी जिल्ह्याला पाहिजे आहे. हॉस्टेलवर रडणारी आणि ही, एकच मुलगी आहे. मॅडमच्या वहीत अशा मुलींच्या नावापुढे छोटा तारा आहे. त्याला गुण नाहीत. नवी पेशंट आली, भाषा अडली, की कुणाला बोलवायचं यासाठी तो आहे.

आठव्या सत्रात इंटर्नशिप. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. सामुदायिक आरोग्य, मोठ्यांचे आजार, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती. तिथे मागची उधारी घेऊन पोचलेल्या मुलीला श्वास घ्यायला वेळ उरत नाही.

(दृश्य: होळी होऊन गेलेली. सकाळ. वही उघडी.)

तिघी आल्या आहेत. चौथीचा फोन आला, घाटात गाडी बंद पडली, दुपारपर्यंत पोचते. मॅडम पेन्सिलीने लिहितात: प्रत्येकी सहा दिवस, ४८ तास. त्यापुढे भरपाई कधी आणि कुठे, तेही आजच. दोन ड्युट्या या महिन्यात, बाकीच्या चार मे महिन्यात, मेल सर्जिकल, सकाळ पाळी.

दाराशी अमळनेरची मुलगी उभी आहे. तिचं पान कोरं आहे, एक तास बुडालेला नाही.

‘मॅडम, माझी ड्युटी मे महिन्यात नका ना धरू. अखाजी येते मधे, आमची अक्षय्य तृतीया.’

मॅडम पेन्सिलीला टोक काढतात. ‘किती दिवस?’