गाडीभाड्याचा थरार

मंडळी, सिनेमा सुरू होण्याआधी थोडं बोला, असं मला सांगितलंय. शेवट फोडणार नाही, निर्धास्त राहा. पण एक गोष्ट आधीच सांगतो. कथा एका लहान मुलीच्या शोषणाभोवती फिरते. पडद्यावर ते उघडंवाघडं दाखवलेलं नाही, तरी ज्यांना बसवणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं.

सिनेमाचं नाव ‘लंडन टू ब्रायटन’. साल २००६. पॉल अँड्र्यू विल्यम्स या लेखक-दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. चित्रीकरण सुमारे ८०,००० पौंडांत उरकलं, असं सांगतात. तेव्हाच्या भावानं साठ-सत्तर लाख रुपये धरा. पुढचं काम तडीस न्यायला ‘यूके फिल्म कौन्सिल’ या तिथल्या सरकारी संस्थेचा हात लागला. त्याच हिवाळ्यात ब्रिटनमध्ये नवा जेम्स बाँडही लागला होता, ‘कसिनो रोयाल’. त्याचा खर्च पंधरा कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ हजारपट. आता ‘कमी पैशांत केलाय, सांभाळून घ्या’ अशी रदबदली मी करणार नाही. या सिनेमाला तिची गरज नाही. मला वेगळंच सांगायचंय. यात पैशाची जी चणचण आहे ना, तीच याची धडधड आहे.

सुरुवात बघा. पहाटेचे तीन वाजून सात मिनिटं. लंडनमधलं एक गलिच्छ सार्वजनिक शौचालय. दार धाडकन उघडतं आणि दोघी आत घुसतात. एक केली, धंदा करणारी बाई, चेहरा सुजत चाललेला. दुसरी जोअ‍ॅन, अकरा-बारा वर्षांची पोर, कपडे फाटलेले, हुंदके आवरत नाहीत. काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही. कोणीतरी मागावर आहे, एवढं कळतं. आता एखादा ठरीव थरारपट असता तर पुढे काय झालं असतं? बाहेर गाडी उभी असती, किल्ली तिच्यातच असती, आणि पाठलाग सुरू. इथे केलीपुढचा प्रश्न एवढाच, की ब्रायटनच्या, म्हणजे लंडनच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या गावाच्या, तिकिटाला पैसे कुठून आणायचे. गुंड मागे लागलेत, जीव मुठीत आहे, आणि अडलंय कशावर, तर दोन तिकिटांवर. मग ती पोरीला तिथेच कोंडून ठेवते आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यानिशी रस्त्यावर उभी राहते, गिऱ्हाईक शोधायला.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या जागी माझ्या पोटात गोळा आला. बंदूक नाही, चाकू नाही. बाई पैसे कमावायला गेलीय, एवढंच. पण आत पोर एकटी आहे, आणि वेळ सरतोय.

विलायतेतल्या रेल्वेचं भाडं वेळेवर ठरतं, हे तुमच्यापैकी जे तिकडे राहून आलेत त्यांना माहीत आहे. सकाळच्या गर्दीत महाग, साडेनऊनंतर स्वस्त. मी एकदा व्हिक्टोरिया स्टेशनवर ब्रायटनला जायला म्हणून उभा होतो. खिसा चाचपला, गर्दीच्या वेळचं तिकीट परवडेना. मग बाकावर बसून राहिलो. समोरून गाड्या सुटत होत्या, ब्रायटन जेमतेम तासाच्या अंतरावर, आणि मी घड्याळ बघत बसलोय. मला कोणी मारायला टपलं नव्हतं, महिनाअखेर होती इतकंच. पण पैसे नसले की वेळ कसा अंगावर येतो, हे त्या बाकावर कळलं. हा सिनेमा ज्याने लिहिला त्याला हे पुरतं उमगलेलं आहे.

आता इंग्रजी सिनेमाच्या दोन धारा लक्षात घ्या. एक सामाजिक वास्तवाची. १९६६च्या नोव्हेंबरात बीबीसीवर दिग्दर्शक केन लोच यांचं ‘कॅथी कम होम’ हे नाट्य दाखवलं गेलं. एक साधं तरुण कुटुंब एकेक पायरी उतरत बेघर होतं आणि शेवटी कॅथीची मुलं तिच्याकडून काढून घेतली जातात. लाखो लोकांनी ते घरबसल्या पाहिलं आणि हादरले. दुसरी धार गुन्हेपटाची. तीही जुनी आहे, आणि गंमत म्हणजे तिची वाटही ब्रायटनवरून जाते. ग्रॅहम ग्रीन यांच्या कादंबरीवरचा १९४७चा ‘ब्रायटन रॉक’ तिथल्याच वस्तरेवाल्या टोळ्यांचा. लंडनकराला ब्रायटन म्हणजे एका दिवसाची हवापालट. सिनेमातल्या लंडनकराला मात्र तिथे हटकून मागचं पाप गाठतं. (आपल्या लोकांना ब्रायटनची आणखी एक ओळख असायला हवी. पहिल्या महायुद्धात तिथल्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. पण तो विषय निराळा.)

पुढे १९९८मध्ये गाय रिची यांचा ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ आला, चालला, आणि मग तसल्या गुंडपटांचं पीकच आलं. चुरचुरीत संवाद, झकपक कपडे, पिस्तुलं म्हणजे खेळणी. विल्यम्सनं काय केलं, तर गुंडपटातला गुंड उचलला आणि लोचच्या जगात आणून सोडला. तिथे आल्यावर त्याचा रुबाब उतरतो.

डेरेक बघा. केलीचा दलाल. जॉनी हॅरिसनं ही भूमिका अशी केलीय की किळस येते आणि मधूनच कीवही. बायकांवर हात उगारणारा हा माणूस स्वतः किती भेदरलेला आहे, हे कळायला एक प्रसंग पुरतो. मेलेल्या बड्या गुंडाचा मुलगा स्टुअर्ट त्याला समोर बसवतो. सॅम स्प्रुएलचा स्टुअर्ट आवाज चढवत नाही. शांतपणे बोलता बोलता वस्तरा काढतो, डेरेकच्या पायावर ओढतो, आणि त्या दोघींना शोधून आण म्हणतो. बस्स. इथून पुढे डेरेक धावत सुटतो तो सूडापायी नव्हे, वरच्याला काय तोंड दाखवू, या धास्तीनं.

आपल्याकडे उतरंड म्हणतात ना, एकावर एक रचलेली मडकी, तसंच आहे हे. सगळ्यात वर पैसेवाला म्हातारा, म्हणजे स्टुअर्टचा बाप, त्याच्या खाली डेरेक, डेरेकच्या खाली केली, आणि तळाला ही पोर. प्रत्येक जण वरचा भार खालच्याच्या डोक्यावर देतो. यात केलीही आली, हे विसरू नका. घरातून पळालेल्या त्या पोरीला हेरून आणणारी केलीच आहे. हे मी मुद्दाम आधी सांगतोय. गोष्ट मधूनमधून मागे जाते आणि आदल्या दिवशी काय घडलं ते तुकड्यातुकड्यांनी उलगडते. तेव्हा केलीला झटकन माफ करू नका आणि झटकन धिक्कारूही नका. ही बाई पोलिसांकडे का जात नाही, असं कोणीतरी हमखास विचारतं. जाऊन सांगणार काय? पोरीला तिथवर नेलं कोणी, हा पहिला प्रश्न आला की तिच्याकडे उत्तर काय? पटकथेतली पळवाट म्हणून पोलीस गाळलेले नाहीत, ते त्या जगात नाहीतच.

लॉरेन स्टॅन्ली ही केली झालीय. पुढे ती ‘ईस्टएंडर्स’ मालिकेमुळे घराघरांत पोचली. जॉर्जिया ग्रूम ही पोरगी. तिचं रडणं ऐका, सिनेमातलं मूल असं रडत नाही. आणि मधल्या एखाद्या क्षणी ती रडणं विसरून लहान मुलासारखी वागते, ते तर जास्तच लागतं. कॅमेरा या दोघींच्या इतका जवळ आहे की आजूबाजूचं फारसं दिसत नाही. क्रिस्टोफर रॉस हा छायालेखक. काटकसर म्हणा हवं तर, चौकटीत गर्दी नको, सजावट नको. पण परिणाम असा, की मागून कोण येतंय ते त्यांना दिसत नाही तसं आपल्यालाही दिसत नाही.

खोट काढायचीच तर एक काढतो. स्टुअर्टच्या बालपणाकडे सिनेमा बोट दाखवतो. ते बोट मला जरा जास्तच ताणलेलं वाटतं. स्प्रुएलच्या चेहऱ्यावर ते आधीच आहे, वेगळं सांगायला नको होतं. तुमचं मत नंतर चहाच्या वेळी ऐकेन.

एडिंबरा महोत्सवात या सिनेमाला नवोदित दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. विल्यम्सनं पुढे विनोदी भयपट केला, म्हाताऱ्यांच्या गायकवृंदावरचा हळवा सिनेमा केला, आणि २०२१मध्ये ‘बुल’ घेऊन पुन्हा याच काळोख्या वाटेला लागला. तोही कधीतरी लावू.

बरं, आता बसा. मागचा तो दिवा घालवा कोणीतरी. आणि प्रोजेक्टरपाशी कोण आहे, आवाज थोडा कमी ठेवा. सुरुवातच दाराच्या दणक्यानं आहे, मागच्या वेळी पहिल्या रांगेतले आजोबा दचकून उभे राहिले होते.