शोधनिबंधामागची फाईल

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस हर्नडनला वर्गात एक गृहपाठ मिळाला. गाजलेला एक शोधनिबंध निवडायचा, त्यातली आकडेमोड स्वतः करायची आणि तेच उत्तर येतं का ते पाहायचं. त्याने निवडला कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० सालचा निबंध. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांचा सरासरी विकासदर शून्याच्याही खाली असतो, असं त्यात मांडलं होतं. सरकारी खर्चात कपात हवी म्हणणारे राजकारणी या निबंधाचा दाखला देत होते.

हर्नडनचं उत्तर काही केल्या जुळेना. शेवटी त्याने लेखकांकडेच मूळ एक्सेल फाईल मागितली आणि त्यांनी ती पाठवली. उघडून पाहतो तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या! शिवाय काही देशांची काही वर्षं गाळलेली होती आणि सरासरी काढताना कोणत्या देशाला किती वजन द्यायचं, तेही त्याला पटण्यासारखं नव्हतं. हे सगळं धरून त्याने दोन प्राध्यापकांसोबत २०१३ मध्ये नवा हिशेब मांडला, तेव्हा उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के आले. सूत्रातली चूक लेखकांनी मान्य केली, बाकीचे आक्षेप मात्र त्यांना पटले नाहीत.

निबंध तीन वर्षं जगासमोर होता. पण तो कितीही बारकाईने वाचला असता, तरी ते सूत्र कुणाला दिसलं नसतं, कारण ते फाईलमध्ये होतं. लेखकांनी फाईल दिली नसती तर? एवढा मोठा प्रश्न कुणाच्या भलेपणावर सोडून द्यावा, हे मला मान्य नाही.

शोधनिबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावेत, ही मागणी २००२ सालच्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ठामपणे मांडली. भौतिकशास्त्रज्ञ तर १९९१ पासूनच आपले निबंध आर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन भांडारात खुले ठेवत आले आहेत. पुढे अनेक नियतकालिकांनी वाचकांची वर्गणी सोडली आणि लेखकांकडून प्रकाशनशुल्क घ्यायला सुरुवात केली. ज्याच्याकडे अनुदान नाही, त्याला वाचता येतं, पण छापता येत नाही. याला खुलेपणा म्हणायला माझं मन तयार होत नाही. त्यापेक्षा स्वीकारलेल्या निबंधाची प्रत विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात ठेवण्याची वाट मला जवळची वाटते.

डेटा खुला ठेवला की काय घडतं, हे प्रथिनांच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत, कुणालाही मोफत. प्रथिनाची घडी कशी पडेल हे ओळखणारी अल्फाफोल्ड ही प्रणाली याच साठ्यावर शिकली आणि तिच्यामागच्या दोघांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपली एकेक रचना जमा करणाऱ्या त्या संशोधकांना पुढे असं काही होईल याची कल्पनाही नसेल.

अर्थात रुग्णांची माहिती उघड्यावर टाकता येत नाही. तिथे ओळख पुसावी लागते, कधी परवानगीनेच प्रवेश द्यावा लागतो. आणि नुसती फाईल चढवूनही भागत नाही. कोणत्या रकान्यात काय आहे, एकक कोणतं, रिकामी जागा म्हणजे शून्य की मोजलंच नाही, हे सोबत लिहिलेलं नसेल तर वर्षभराने खुद्द संशोधकालाही ते उमगत नाही.

श्रोतेहो, अनेक शोधनिबंधांच्या शेवटी डेटा कुठे मिळेल, याची एक छोटी टीप असते. बातमीत एखाद्या संशोधनाचा मोठा दावा ऐकलात, तर ती टीप शोधा. ‘मागणी केल्यास देऊ’ असं लिहिलेलं असेल, तर मागणी करा. हर्नडननेही तेवढंच केलं होतं.