टाकीच्या भिंतीत काच किती?

(दृश्य: बडोदा, मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत. आवारात उभी फायबरग्लासची पांढरी टाकी.)

हिच्यात उद्या ॲसिड भरलं जाईल. भिंतीची जाडी मापात आहे, पण जाडी नुसत्या रेझिननेही, म्हणजे धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या प्लास्टिकनेही, भरून काढता येते. भार पेलतात ते आतले काचेचे धागे, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाहीत.

मॅनहोलसाठी, म्हणजे माणसाला आत उतरायच्या तोंडासाठी, भिंत कापली की एक चकती उरते. प्रयोगशाळेत तिचाच पाचेक ग्रॅमचा तुकडा तोलतात, पेटवतात आणि ५६५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात. रेझिन जळून जातं, काच उरते.

(दृश्य: चिमट्यात धरलेली क्रुसिबल, म्हणजे भट्टीत टिकणारी छोटी वाटी.)

"ताई, वजन घेऊ?"

"थांब रे, डेसिकेटरमध्ये, त्या कोरड्या बंद भांड्यात, पूर्ण गार होऊ दे. गरम घेतलंस तर काटा चुकीचं दाखवेल."

मूळ वजन ५ ग्रॅम, उरलं १.७५. म्हणजे काच ३५ टक्के, पण वजनाने. काच रेझिनच्या दुपटीहून जड, त्यामुळे घनफळात ती जेमतेम २० टक्के भरते. रिपोर्टमधला टक्का कशाचा, हे आधी बघावं. इथे गल्लत झाली की ताकदीचं सगळं गणित बिघडतं.

आणखी एक मेख आहे. रेझिनमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळलेली असेल, तर तीही भट्टीत टिकते आणि काच म्हणून मोजली जाते. मग उरलेला भाग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवायचा. बुडबुडे आले की पूड होती हे कळतं. वाळवून पुन्हा तोलायचं.

कार्बन फायबरला ही भट्टी चालत नाही, हवेत ते स्वतःच जळू लागतं. तिथे रेझिन गरम नायट्रिक ॲसिडने काढतात.

आणि काच जास्त म्हणजे टाकी चांगली, असंही नाही. ॲसिडला भिडणारा आतला थर मुद्दाम रेझिनने भरलेला ठेवतात. धागे उघडे पडले, तर त्यांच्या कडेकडेने ॲसिड भिंतीत झिरपतं. म्हणूनच एकूण टक्केवारीवर थांबू नये, थर मोजावेत.

(दृश्य: जळालेल्या नमुन्याचे थर चिमट्याने एकेक सोडवणारे हात.)

आधी तलम पडद्यासारखा थर. मग आखूड धाग्यांची मॅट. मग विणलेलं रोव्हिंग, म्हणजे धाग्यांच्या जुड्यांचं जाड कापड, पुन्हा मॅट.

"ड्रॉइंगमध्ये मॅट किती आहेत?"

"चार, ताई."

"आणि इथे?"

"तीनच भरतात."

"मग तीनच लिही. थरांचा फोटोही जोड."