एक कान मुलांकडे

(पडद्यावर : एका घरातील सकाळ. आई कपड्यांच्या घड्या घालत आहे. मुलगी जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर पालथी, मुलगा खुर्चीखाली.)

या माहितीपटात फारसे काही घडणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इथे एक आई आहे, तिची आठ महिन्यांची मुलगी आहे आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. घडी घालायला घेतलेला सदरा हातात धरून आई थबकली आहे, कारण खुर्चीखालून आवाज येईनासा झाला आहे, आणि लहान मुलांच्या घरात गोंगाटापेक्षा शांतता अधिक संशयास्पद असते. ती वाकून पाहते, मुलाच्या मुठीतून बाटलीचे झाकण सोडवते, बदल्यात त्याच्या हाती चमचा देते आणि मागे वळते, तेव्हा सदऱ्याची बाही मुलीच्या तोंडात गेलेली असते. सदरा पुन्हा धुवायच्या कपड्यांत जातो. घड्या घालायच्या कपड्यांचा ढीग एकाने कमी झाला असे म्हणायला हरकत नाही, पण घडी मात्र एकाही कपड्याची झालेली नाही.

घरी राहून लहान मुले वाढवणाऱ्या आईच्या श्रमांविषयी बोलताना आपण सहसा कामे मोजतो : पाजणे, भरवणे, आंघोळ, शी-शू, कपडे, औषधे, निजवणे. ही यादी खोटी नाही. मात्र तिच्यात मुख्य कामाची नोंदच नसते. हातातले कोणतेही काम कोणत्याही क्षणी सोडून उठण्याची तयारी ठेवणे, हे ते काम होय. पाऊण झालेले काम टाकून जाणे, पंधरा मिनिटांनी परत येणे, आपण कुठवर आलो होतो ते आठवणे आणि तोवर पुन्हा हाक ऐकू येणे, या क्रमाने तिचा दिवस जातो. तिला कामांपेक्षा त्यांचे अर्धवट राहणे अधिक दमवते.

(पडद्यावर : रात्र. दिव्याचा मंद उजेड.)

ही तयारी सुरू होते ती बाळाच्या जन्मापासून. पहिल्या तीन महिन्यांत बाळ चोवीस तासांत सुमारे १४ ते १७ तास झोपते. आकडा ऐकायला सुखाचा वाटतो, पण ही झोप तुकड्यातुकड्यांनी येते, कारण दिवस आणि रात्र यांतला फरक ओळखणारी शरीराची लय जन्मतः तयार नसते. ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास हळूहळू बसू लागते. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. म्हणजे दर दोन-तीन तासांनी, असे आपण सहज म्हणतो. परंतु हे अंतर एका पाजण्याच्या आरंभापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत मोजले जाते. पाजणे, उभे धरून ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा थोपटून निजवणे एवढे झाल्यावर आईच्या वाट्याला जो वेळ उरतो, त्यातच तिला स्वतःचा डोळा लागण्याची वाट पाहायची असते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस करते. शिफारस योग्यच आहे. मात्र तिचा अर्थ असाही होतो की, जी आई अंगावर पाजते, तिच्याजागी दुसऱ्या कोणाला रात्रपाळीला बसवणे सोपे राहत नाही.

‘बाळ झोपले की तूही झोपून घे’ हा सल्ला तिला येणारे-जाणारे सगळेच देतात. पहिल्या बाळाच्या वेळी तो कधीमधी पाळता येतो. दुसऱ्या वेळी धाकटे झोपते तेव्हा थोरले टक्क जागे असते, आणि आता आई मोकळी झाली, असा त्याचा समज असतो.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. थकवा निराळा आणि आजार निराळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी जगभरात सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यांत नैराश्याचे प्रमाण सर्वाधिक असते. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस डोळे भरून येणे, चिडचिड होणे हे बहुतेकींच्या बाबतीत दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळ शांत झोपलेले असतानाही झोप येईनाशी झाली, कशातच मन लागेनासे झाले किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर ‘आईपणात एवढे चालायचेच’ असे म्हणून थांबू नये. त्यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू करणे हिताचे असते.

(पडद्यावर : न्हाणीघराचे बंद दार. बाहेर बसून रडणारी मुलगी.)

आता आपल्या आठ महिन्यांच्या मुलीकडे येऊ. गेल्या महिन्यापर्यंत ती कोणाच्याही कडेवर जात होती. आता आई दाराआड गेली की भोकाड पसरते. घरातल्यांना वाटते की, मुलगी लाडावली. वास्तविक तिची बुद्धी एक पायरी पुढे गेली आहे. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे मुलांना साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास उमगते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचे निरीक्षण होते; पुढे मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जाँ यांच्या प्रयोगांतून ही समज याहून कितीतरी आधीच अंकुरत असल्याचे दिसले. आई दाराआड आहे, एवढे या मुलीला कळते. ती परत केव्हा येणार, हे मात्र कळत नाही, कारण काळाची कल्पना अजून तयार व्हायची आहे. म्हणून आई आतून बोलत राहते : ‘आले हं, आलेच, इथेच आहे मी.’ हातपाय धुण्याइतका एकांतही तिला असा बोलत बोलतच मिळवावा लागतो. दिवसातून कितीतरी वेळा चालणारा ‘बुवा कुक’चा खेळ याच भीतीवरचा सराव असतो : तोंड लपते, तोंड पुन्हा दिसते आणि मूल खुदकन हसते.

रांगणाऱ्या मुलीमुळे घराचा भूगोलही बदलला आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची सुरक्षितता तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्यात जो भाग मावतो तो घशात अडकू शकतो, असे धरले जाते. आईजवळ असे नळकांडे नसते, पण थोरल्याच्या खेळण्यांतला प्रत्येक तुकडा, प्रत्येक गुंडी, प्रत्येक नाणे ती नजरेनेच त्या मापातून काढत असते. बादलीतले दोन इंच पाणीसुद्धा बाळाला बुडवायला पुरेसे असते, म्हणून बादली रिकामी करून पालथी घालायची. हे सारे ती करते आणि परिणाम म्हणून काहीच घडत नाही. जे घडले नाही ते दाखवणार कसे? या कामात यश मिळाले की त्याचा पुरावाच उरत नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला राखणीपेक्षा उत्तरे अधिक हवी असतात. पाणी खालीच का पडते, बाळाला दात का नाहीत, काल कुठे गेला, या प्रश्नांना आई कणीक मळावी तशा एका लयीत उत्तरे देत असते आणि मध्येच एखादे ‘का’ तिलाही निरुत्तर करते. पेला निळा नाही म्हणून तो जमिनीवर लोळतो, तेव्हा त्याला समजावण्यात अर्थ नसतो. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून संयमाची फार अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे तो शांत होईपर्यंत घरातल्या मोठ्या माणसाने शांत राहणे एवढाच मार्ग उरतो, आणि धाकटी कडेवर रडत असताना तो वाटतो तितका सोपा नसतो.

(पडद्यावर : मुलगी आईकडे पाहून हात उंचावते. आईचे लक्ष दुसरीकडे आहे.)

हा क्षण पाहा. मुलीने हात उंचावले आणि आईने पाहिले नाही. मुलीने आवाज केला, आईने वळून पाहिले आणि तिला उचलून घेतले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयांना काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले होते. तान्ही मुले आधी हसून, मग हातपाय हलवून आईला परत बोलावू पाहत आणि अखेरीस तोंड फिरवून घेत. हा प्रयोग पुष्कळदा आयांना घाबरवण्यासाठी सांगितला जातो, हे मला अन्यायाचे वाटते, कारण ट्रॉनिक यांच्याच पुढच्या अभ्यासांतून दिसले ते असे की, चांगले नाते असलेल्या आई-बाळांचेही सूर जेमतेम एक-तृतीयांश वेळच जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि तिची दुरुस्ती यांत जातो, आणि या दुरुस्तीतूनच मूल शिकते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ सालच्या लेखात ‘पुरेशी चांगली आई’ अशी कल्पना मांडली : आरंभी बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेणारी आणि बाळाची सहनशक्ती वाढत जाईल तशी थोडी थोडी कमी पडत जाणारी. त्यांच्या मते, हे कमी पडणे बाळाच्या वाढीला आवश्यकच असते.

या साऱ्याची नोंद हिशेबात कुठे होते? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्येच एक सोपी कसोटी सुचवली होती : जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते, ते उत्पादक काम समजावे. तरीही राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरच्यांसाठी पिकवलेले धान्य धरले जाते आणि घरच्यांसाठी विनामोबदला केलेले बालसंगोपन वगळले जाते. तेच मूल पगारी दाईने सांभाळले, तर तो व्यवहार लगेच हिशेबात येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांच्या पाहण्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार, जगात दररोज १,६४० कोटी तास विनामोबदला घरकामात आणि संगोपनात खर्ची पडतात, आणि त्यांतले ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात.

हे तास दैनंदिनीवरून मोजले जातात : अमुक वाजता काय करत होता, ते लिहा. आई लिहिते, ‘कपड्यांच्या घड्या’. त्या वेळी एक कान मुलांकडे होता, याला रकाना नसला तर ते काम नोंदीतून निसटते. अमेरिकेत २००३ पासून होणाऱ्या वेळवापराच्या पाहणीत म्हणूनच वेगळा प्रश्न विचारतात : त्या वेळी तेरा वर्षांखालील एखादे मूल तुमच्या देखरेखीत होते का? या एका प्रश्नाने संगोपनाचे तास पुष्कळ वाढतात.

(पडद्यावर : संध्याकाळ. वडील घरी आले आहेत.)

कामाची वाटणी करतानाही हेच निसटते. ‘सांग, मी काय करू?’ असे विचारणारा माणूस एक काम उचलतो. कोणते काम केव्हा करायचे, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी विचारलेल्या व्यक्तीकडेच राहते. या घरातल्या आईवडिलांनी गेल्या काही महिन्यांपासून वेगळी पद्धत ठेवली आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी आई बाहेर जाते आणि मुलांची पूर्ण जबाबदारी वडिलांकडे असते : काय भरवायचे, ताप मोजायचा की नाही, कोणाला आधी निजवायचे, सगळे त्यांनीच ठरवायचे. सुरुवातीला तिला सारखे फोन येत : थर्मामीटर कुठे आहे, कोणते पांघरूण. आता येत नाहीत. बाबा आधी दात घासायला लावतात आणि मग गोष्ट सांगतात, आई आधी गोष्ट सांगते. थोरल्याने दोन्ही क्रम पाठ केले आहेत, आणि आज कोणाची पाळी आहे हे पाहून तो त्याप्रमाणे तक्रारी बदलतो.